सीएसएमटीच्या पुनर्विकासात जुन्या इमारतीचे काय होणार?

विचारले आहे ते असे: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर अडीच हजार कोटींच्या घरातले काम चालू आहे, त्यात 1888 ची इमारत बदलणार का, काम इतके रेंगाळते का, आणि रोज लोकलने येणाऱ्या माणसाच्या पदरात त्यातून काय पडणार? मुंबईतल्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत आणि स्टेशनांच्या आराखड्यांत माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. घुमटाची इमारत पाडली जाणार नाही. तिला धोका आहे तो दोन गोष्टींचा. एक, तिच्या मागे काय आणि किती उंच उभे राहते. दुसरी, काम संपून कंत्राटदार निघून गेल्यावर दरवर्षी मे महिन्यात छपरावरच्या पन्हळी साफ करायला माणूस चढतो की नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे.

हे समजायचे तर तिथे एकच स्टेशन आहे ही समजूत आधी सोडावी लागेल. महापालिकेच्या चौकात उभे राहून दिसते ती इमारत मुळात रेल्वे कंपनीचे मुख्यालय म्हणून बांधलेली आहे. तिच्या पाठीला चिकटून लोकलचे 1 ते 7 फलाट आहेत. त्याच्या पूर्वेला 1929 मध्ये सुरू झालेले लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्टेशन आहे, आज 8 ते 18 फलाट आहेत तो भाग. आणि या सगळ्याच्या आत-बाहेर, गरज पडेल तशी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत उभी राहिलेली कार्यालये, शेड, पत्र्याची आडोशाची बांधकामे, केबलची जाळी आणि एसीचे डबे. पुनर्विकास यातल्या कशाला हात लावतो आणि कशाला नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

16 एप्रिल 1853 ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने आणि तोफांची सलामी. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तिच्यामागे नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जिजीभॉय यांनी रेल्वेसाठी धरलेला आग्रह होता. दोघांचेही चेहरे आज इमारतीच्या दर्शनी भागावरच्या दगडी पदकांत आहेत, कधी मान वर करून शोधा. पण त्या दिवशी गाडी सुटली ते बोरीबंदर स्टेशन अगदी साधे, लाकडी होते. या दगडी राजवाड्याची गरज पुढच्या वीस वर्षांत निर्माण झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे तोंड वळवले. 1863 ला बोरघाट आणि 1865 ला थळघाट ओलांडून रूळ दख्खनच्या पठारावर गेले. 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि 1870 ला मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. युरोपातून बोटीने येणारा माणूस आणि बोटीने जाणारा माल, दोन्ही मुंबईतूनच जाऊ लागले. दरम्यान गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडल्याने ऐन मोक्याची जमीन मोकळी झाली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला आपली श्रीमंती दाखवायची होती, आणि तिच्याकडे जागाही होती.

काम मिळाले फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना. त्यांनी युरोपातली स्टेशने हिंडून पाहिली, 1878 ला काम सुरू केले. सीताराम खंडेराव वैद्य सहायक अभियंता होते आणि एम. एम. जनार्दन पर्यवेक्षक. स्टीव्हन्स यांचे नाव सगळ्यांना माहीत असते, ही दोन मराठी नावे मात्र मुद्दाम सांगावी लागतात, आणि दहा वर्षांच्या बांधकामात पर्यवेक्षक म्हणजे काय हे साइटवर काम केलेल्याला ठाऊक आहे. 1 जानेवारी 1882 ला स्टेशन वाहतुकीला खुले झाले, 1887 ला राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया टर्मिनस नाव पडले आणि 1888 ला इमारत पूर्ण झाली. खर्च आला सुमारे 16 लाख 14 हजार रुपये. पुढे 1996 ला छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि 2017 ला त्यात ‘महाराज’ असे नाव बदलत गेले. 2004 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता बांधकामाकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे. मधला घुमट अष्टकोनी पायावर, आठ दगडी फासळ्यांवर तोललेला आहे. इटालियन गॉथिक धाटणीच्या इमारतीवर असा घुमट चढवणे हे त्या काळी धाडस होते. घुमटाखालचा भव्य जिना भिंतीतून बाहेर आलेल्या पायऱ्यांचा आहे. त्याला मधे आधार नाही, एका टोकाला भिंतीत रोवलेली पायरी खालच्या पायरीवर टेकते. घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती, प्रवेशद्वाराच्या खांबांवरचा ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ ही थॉमस अर्प यांची कामे. बाकीची पाने-फुले, मोर, माकडे, खांबांचे नक्षीदार माथे यांत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. म्हणून नक्षी नीट पाहिली तर कळते की तिथली झाडे-पाखरे आपल्या परिसरातली आहेत.

दगड एक नाही, अनेक आहेत. भिंतींना पिवळसर मालाडचा दगड आणि कुर्ल्याचा दगड, आणि जिथे बारीक कोरीव काम आहे तिथे पोरबंदरचा चुनखडीचा दगड. पोरबंदरी दगड छिन्नीखाली लोण्यासारखा चालतो, म्हणूनच तो निवडला. पण तो सच्छिद्र असतो. मुंबईचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, समुद्राची खारी हवा आणि वाहनांचा धूर हे तिन्ही तो पिऊन घेतो. आत शिरलेले क्षार पावसाळ्यानंतर सुकताना पृष्ठभागाखाली स्फटिक बनून फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कोरीव पान आधी धूसर होते, मग पिठासारखे झडते.

यावर गेल्या शतकात सगळीकडे सर्रास झालेला उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा. दगडी इमारतीचे इतके नुकसान दुसऱ्या कशानेही झाले नसेल. सिमेंट कडक आणि कोंदट. भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडू शकत नाही, मग तो शेजारच्या मऊ दगडातून वाट काढतो आणि तो दगड फुटतो. जुन्या सांध्यांत चुना आहे, आणि सांधा दगडापेक्षा मऊच असावा लागतो. झीज व्हायची तर ती सांध्याची व्हावी, कारण सांधा पुन्हा भरता येतो. म्हणून आज आम्ही पुन्हा चुन्याकडे आलो आहोत: नीट मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची पूड, वाळू, आणि जुन्या गवंड्यांच्या पद्धतीप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी. हे मिश्रण तयार व्हायला वेळ लागतो आणि ते पावसाळ्यात सुकत नाही, म्हणजे वर्षातले चार महिने हातचे गेलेच. वेळापत्रक करणाऱ्या बाबूंना हे पटवणे कामाचा सर्वांत अवघड भाग असतो. काळे झालेले दगड वाळूचा मारा करून ‘स्वच्छ’ करायची घाईही तशीच. त्याने काळपट थर जातो, पण दगडाची घट्ट झालेली वरची त्वचाही जाते आणि पुढच्या पाच पावसाळ्यांत वीस पावसाळ्यांची झीज होते. कमी दाबाचे पाणी, मऊ ब्रश आणि हट्टी डागांना लेप, एवढेच करायचे असते.

आणि त्या भिंतींतून बाहेर झुकलेली तोंड वासून बसलेली श्वापदे! लोकांना वाटते ती शोभेची आहेत. त्यांतली बरीचशी छपरावरच्या पाण्याला भिंतीपासून लांब फेकायला ठेवली आहेत. उतरती छपरे, त्यांच्या मधल्या खोलगट पन्हळी, तिथून नळ्या आणि श्वापदांची तोंडे अशी पाण्याची वाट स्टीव्हन्स यांनी फार विचारपूर्वक आखली होती. कबुतरांची घरटी आणि वाळलेली पाने त्यात अडकली की पाणी भिंतीच्या पोटात शिरते. मग सांध्यात पिंपळ उगवतो, आतल्या लोखंडी पकडी गंजून फुगतात आणि वरून धडधाकट दिसणारा कंगोरा एके दिवशी खाली येतो. हातोडीने हलके ठोकून पाहिले की पोकळ आवाज येतो, अनुभवी पाथरवटाला तेवढे पुरते. पण ठोकायला वर कोणीतरी गेले पाहिजे.

आता पुनर्विकासाकडे. आधीची योजना खासगी भागीदारीची होती. स्टेशन विकास महामंडळाने 2020 मध्ये निविदा काढल्या, मोठमोठ्या कंपन्यांनी रस दाखवला, 60 वर्षांच्या कराराची आणि प्रवाशांकडून वापर-शुल्क घेण्याची चर्चा झाली. 2021 मध्ये ते महामंडळच बंद करण्याचा निर्णय झाला. 28 सप्टेंबर 2022 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांसाठी मिळून सुमारे 10 हजार कोटींना मंजुरी दिली, आणि पुढच्या वर्षी सीएसएमटीचे सुमारे 2,450 कोटींचे कंत्राट अहलुवालिया कॉन्ट्रॅक्ट्स या कंपनीला मिळाले. आता पैसा सरकारचा, बांधणारा कंत्राटदार. या इमारतीसाठी हे मला योग्य वाटते. साठ वर्षांत भाड्यातून पैसा वसूल करायचा असेल तर प्रत्येक चौरस फुटाकडे दुकान म्हणून पाहिले जाते, आणि वारसा इमारतीत तो दबाव सगळ्या नियमांना हळूहळू कुरतडतो.

आराखड्याचा गाभा असा: रुळांच्या वर प्रशस्त डेक, म्हणजे उंचावरचा मोठा सज्जा, त्यावर प्रतीक्षागृह, खाणेपिणे, तिकीट वगैरे, येणारे आणि जाणारे प्रवासी वेगळे करणे, पूर्वेला पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूने खरे प्रवेशद्वार. मेट्रो, बस, टॅक्सीशी जोडणी. आणि वारसा भाग साधारण 1930 च्या रूपाकडे परत नेणे.

हे 1930 का, असे बरेच जण विचारतात. मूळ 1888 चेच रूप का नको? मला 1930 हा निर्णय समंजस वाटतो. 3 फेब्रुवारी 1925 ला इथून कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी सुटली, 1929 ला मेन लाइनचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे, नवे स्टेशन उघडले, 1 जून 1930 ला दख्खनची राणी धावू लागली. म्हणजे 1930 पर्यंत आज आपल्याला ठाऊक असलेले स्टेशन घडून पूर्ण झाले होते. 1888 कडे जायचे म्हणजे 1929 चा भाग खोटा ठरवायचा, आणि तोही आता जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. त्या मेन लाइनच्या हॉलमध्ये 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री जे घडले, या स्टेशनात 58 माणसे गेली, तेही त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. त्या हॉलची चकाचक विमानतळासारखी जागा करू नये, असे मला मनापासून वाटते. नंतरची चिकटवलेली बांधकामे मात्र खुशाल जावीत.

डेकबद्दल माझे मत दोन भागांत आहे. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला डेक उपयोगी आहे. तो सामान घेऊन तासभर आधी येतो, आज फलाटाच्या तोंडाशी जमिनीवर बसतो. त्याला वर बसायला जागा, आणि गाडी लागली की सरकत्या जिन्याने थेट आपल्या डब्याजवळ उतरणे, हे फार मोठे सुख ठरेल. लोकलच्या प्रवाशाचे गणित उलटे आहे. सीएसएमटी हे शेवटचे स्टेशन. रूळ तिथे संपतात. गाडीतून उतरलेला माणूस एकही पायरी न चढता सरळ पुढे चालत बाहेर पडतो. दादर, ठाणे, कल्याणच्या माणसाला जिना चुकत नाही, इथे तो चुकतो, आणि ही या स्टेशनाची सर्वांत मोठी देणगी आहे. सकाळी साडेनऊला एकामागून एक लोकल रिकाम्या होतात तेव्हा त्या गर्दीला सात-आठ मीटर वर चढवून पुन्हा खाली उतरवणे म्हणजे शुद्ध अन्याय होईल. लोकलच्या फलाटांचा समोरचा सपाट रस्ता रुंद करावा, त्यावरचे स्टॉल आणि अडथळे काढावेत, भुयारी मार्गाकडची वाट मोकळी ठेवावी. डेक त्यांना ऐच्छिक असावा, ज्यांना पूर्वेकडे जायचे आहे त्यांच्यापुरता. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 चे भुयारी स्टेशन सुरू झाल्यामुळे जमिनीखालच्या आणि जमिनीलगतच्या वाटांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

उंचीचा प्रश्न याच डेकशी जोडलेला आहे. महापालिका इमारतीसमोरून पाहिले की घुमट आणि मनोरे मोकळ्या आकाशावर उमटतात. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, समोरासमोर बांधलेली जोडी आहे ती. घुमटामागे काचेची उंच पेटी उभी राहिली तर एकही दगड न हलवता इमारत निम्मी होते. युनेस्कोच्या नोंदीत मूळ वास्तूचे क्षेत्र 2.85 हेक्टर आणि भोवतालचे संरक्षक क्षेत्र 90.21 हेक्टर आहे, ते याचसाठी. त्या क्षेत्रात मोठे काम करण्यापूर्वी जागतिक वारसा समितीला कळवणे आणि वारशावर होणाऱ्या परिणामांचे मूल्यांकन करणे अपेक्षित असते. हे कागदी सोपस्कार नव्हेत. जर्मनीतले ड्रेस्डेन 2009 ला एका पुलामुळे आणि इंग्लंडमधले लिव्हरपूल 2021 ला बंदरालगतच्या नव्या बांधकामांमुळे यादीतून बाहेर गेले. दोन्हीकडे मूळ वास्तू पाडलेल्या नव्हत्या, नव्या गोष्टी बाजूला उभ्या राहिल्या होत्या.

मग उशीर का? मंजुरीच्या वेळी सांगितलेली अडीच वर्षांची मुदत कधीच उलटली. चालू टर्मिनसवर काम करणे म्हणजे काय हे बाहेरून दिसत नाही. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटण्यापूर्वी हातात येतात जेमतेम दोन-अडीच तास. त्यात विजेचा प्रवाह बंद करायचा, तारांचे अर्थिंग करायचे, म्हणजे उरलासुरला प्रवाह जमिनीत सोडायचा, क्रेन लावायची, काम करायचे, सगळे आवरून पुन्हा प्रवाह सुरू करायचा. प्रत्यक्ष हत्यार चालते तासभर. डेकचे खांब फलाटांवर येतात, तिथे फलाटाची रुंदी आधीच मोजकी. खांब थोडा इकडे घेतला तर गर्दी अडते, तिकडे घेतला तर रुळाचे अंतर सांभाळता येत नाही. खांबाच्या जागी खणले की जुन्या केबल, पाण्याचे नळ, गटारे निघतात आणि त्यांतल्या कित्येक कुठल्याच नकाशावर नसतात. त्यातच गाड्या वाढवायच्या आहेत: 2024 च्या जूनच्या सुरुवातीला मेगाब्लॉक घेऊन 10 आणि 11 क्रमांकाचे फलाट 24 डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवले, तेव्हा मध्य रेल्वेवर काय हाल झाले ते आठवत असेल.

जमिनीचाही विचार करा. बोरीबंदर हा एके काळचा किनारा. आसपास बरीच भराव घातलेली जमीन आहे आणि भूजल अगदी वर आहे. मोठे खोदकाम करताना पाणी उपसले की शेजारची जमीन खचू शकते, आणि दगडी इमारतीला सगळीकडे सारखे खचणे चालते, एका कोपऱ्यात खचणे चालत नाही. म्हणून ठोकून बसवायचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल जाणारे खांब, इथे वर्ज्य, छिद्र पाडून ओतायचे; भिंतींवर कंपमापक आणि भेगांवर मापपट्ट्या लावून रोज नोंद ठेवायची; ठरलेल्या मर्यादेपलीकडे काटा गेला की काम थांबवायचे. असा थांबलेला दिवस बातमीत ‘रखडलेला प्रकल्प’ म्हणून येतो. मला तो दिवस चांगल्या कामाची खूण वाटतो.

कंत्राटात बांधणीचा पैसा असतो, दोषदुरुस्तीची काही वर्षे असतात, त्यानंतर इमारत पुन्हा रोजच्या अंदाजपत्रकाच्या भरवशावर. रुळ, सिग्नल, डबे यांच्या मागण्यांपुढे छपरावरच्या पन्हळीला पैसे मागणारा अधिकारी हरतोच. म्हणून माझी मागणी एकच आहे: डेकवरच्या दुकानांच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा कायमचा, वेगळ्या खात्यात, या इमारतीच्या देखभालीसाठी बांधून द्यावा. त्यातून पाच-सात कायमचे पाथरवट आणि गवंडी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा छपरापासून पायापर्यंत पाहणी, प्रत्येक भेगेची लेखी नोंद. रोषणाईचे दिवे, कॅमेरे, केबल बसवताना खिळा दगडात मारायचा नाही, सांध्यात मारायचा, इतका साधा नियमही लेखी असावा. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या इमारतींत तो नसल्यामुळेच दगडांची चाळण झाली आहे.

आणि शहराशी जोडणाऱ्या वाटा कोणाच्या, हे कागदावर आधी ठरवावे. 14 मार्च 2019 ला इथला हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, माणसे गेली, आणि नंतर पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावर खल चालला. डेक, भुयार, मेट्रोची दारे, पी. डिमेलो रस्त्याचा नवा पदपथ अशा किमान चार यंत्रणांच्या हद्दी आता इथे भिडणार आहेत. प्रत्येक जोडाची तपासणी कोण करणार, किती महिन्यांनी करणार आणि अहवाल कुठे लावणार, हे लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी असले पाहिजे. प्रवासी संघटनांनी पुनर्विकासाच्या बैठकांत वातानुकूलित प्रतीक्षागृहाच्या आधी हा तक्ता मागावा.

इमारत आतून पाहायची असेल तर मध्य रेल्वेचे वारसा संग्रहालय आणि मार्गदर्शित फेरी यांची चौकशी करून जा. शक्य झाल्यास जुलै-ऑगस्टात, धो धो पाऊस चालू असताना जा, आणि समोरच्या पदपथावरून त्या श्वापदांकडे बघा. ज्यांच्या तोंडातून पाणी पडते आहे तिथे वरची पन्हळ मोकळी आहे. जिथे तोंड कोरडे आणि खालची भिंत ओली दिसेल, त्या जागेचा फोटो काढून तारखेसह रेल्वेला पाठवा. अशा फोटोंचा आम्हाला फार उपयोग होतो.